भाकरीआधीचं वाक्य

जव्हार
६ एप्रिल २०२५, रविवार

रविना,

पोरी, आशीर्वाद घे आणि आधी बस. पत्र लांब आहे. फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, पण फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो आणि कागदावर थांबून बोलतो, हे वसतिगृहात दर रविवारी तुम्हाला सांगून मी तुमची बोटं शाईने भरवली. आता मीच फोन लावला तर बरं दिसेल का?

बातमी अशी की आमच्या घरी एसी आला. जव्हारात एसी म्हटलं की लोक हसतात, राजाच्या थंड गावात कशाला हवा म्हणतात. त्यांनी गेल्या मे महिन्यात आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे नवसूबाबा, अंगणात चक्कर येऊन पडले तेव्हा यायला हवं होतं. चौऱ्याऐंशी वय. डॉक्टरांनी बजावलं की या माणसाला पुन्हा ऊन बाधलं तर हाती लागणार नाही. आमच्या मुलाने, धर्मेंद्रने, बोईसरहून पैसे पाठवले आणि लग्नातल्या नवरीसारखा वाजतगाजत एसी आला. शेजारणी बघायला आल्या. बाबा मात्र दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकेनात. म्हणाले, "घरात हिवाळा कोंडला नि बाहेर त्या डब्याला उन्हात उभा केला, ही काय रीत?"

पण आता घोडं पेंड खातंय. दहा मिनिटं छान गार लागतं, मग नुसता वारा. फुकट सर्व्हिस होती म्हणून परवा माणूस बोलावला. तुषार नावाचा, तिशीतला, मोखाड्याकडचाच, गोड बोलणारा. मागे जाऊन आला, वर चढला, जाळीत डोकं घातलं आणि तोंड पाडून खाली उतरला. म्हणाला, "बाई, गॅस गेलाय. कॉम्प्रेसर पण जायच्या मार्गावर आहे." पाच वर्षांचा करार करा, त्यात गॅस, नळ्या गंजू नयेत म्हणून कोटिंग, सगळं बसतं, नाहीतर ऐन मे महिन्यात बंद पडेल आणि मग बाबांचं काही झालं तर मी जबाबदार नाही, असं तो बाबांच्या समोर म्हणाला. खरं सांगते, मी घाबरले. पुढच्या आठवड्यात कागद घेऊन येणार आहे.

आता मला सांग, गॅस जातो म्हणजे काय? अख्ख्या मोखाड्यातून हे शिकलेली मुलगी माझ्या माहितीत एकच आहे, आणि तिचा नाशिकच्या नोकरीच्या कपड्यातला फोटो माझ्या कपाटावर आहे. माझ्या मोतीबिंदूला त्यातलं नाक-तोंड नीट दिसत नाही, पण ऐट दिसते.

वाट बघते.
मंजुषाबाई

*

नाशिक
१२ एप्रिल २०२५

बाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले. पत्र मिळालं तेव्हा मी शिडीवर होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दिपिकाने खालून ओरडून सांगितलं, आणि उतरून आधी पाकीट फोडलं, काम नंतर केलं. तुमचं अक्षर बघितलं की मी अजून सरळ बसते.

बाई, सही करू नका. कशावरच नाही. एसीतला गॅस चुलीच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. नळी कुठे फुटली तरच जातो, आणि फुटली तर त्या जागी तेलाचा डाग दिसतो. तो डाग दाखव म्हणा. दाब मोजायचा गेज लावून काटा दाखव म्हणा, तोही एसी चालू असताना. आधी जाळी काढून पाण्याने धुवा, आपल्याकडची लाल धूळ तिच्यात पिठासारखी बसते. आणि मागे जाऊन बघा, बाहेरच्या डब्याला काही अडलंय का. त्याला गरम हवा फेकायला मोकळी जागा लागते. तो गुदमरला की दहा मिनिटं चालतो आणि स्वतःच थांबतो. तुम्ही लिहिलंय तसंच.

आणि तो माणूस काय बोलेल तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. आधी म्हणेल, मी तुमच्या मुलासारखा आहे. मग घरात जे सगळ्यांत म्हातारं किंवा सगळ्यांत लहान असेल त्याच्याकडे बघत म्हणेल, यांच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का. मग एका शेजारणीची गोष्ट येईल, जिने सही केली नाही आणि तिचं यंत्र जळालं. मग म्हणेल, ही सवलत आज संध्याकाळपर्यंतच आहे, मी गेलो की कॉम्प्युटरमधून जाईल. आणि शेवटी साहेबांना फोन लावून तुमच्यासाठी भांडल्यासारखं करेल. ही पाच वाक्यं ठरलेली असतात बाई. मला कसं माहीत म्हणाल, तर या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असतं.

आता माझी बातमी. मला राहवत नाहीये. साहेब म्हणाले, एक जूनला तू कायम. सहा महिन्यांत ऑफिसच्या फळ्यावर माझं नाव पाच वेळा सगळ्यांत वर होतं. कायम झाले की आईबाबांना यंदा वीटभट्टीवर जाऊ देणार नाही. माझ्या जन्माआधीपासून दिवाळी झाली की गाडी येते आणि ते चढतात, तुम्हाला माहीतच आहे. मी भट्टीवरच चालायला शिकले. यंदा गाडी येईल तेव्हा मी दारात उभी राहून मुकादमाला सांगणार आहे की मंगळ्या नि ठकी येत नाहीत. हे वाक्य मी रोज आरशासमोर म्हणून बघते.

जाळी धुवा. सही करू नका.

तुमची
रविना

*

जव्हार
२० एप्रिल २०२५

रविना, कायम होणाऱ्या पोरी,

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुकादमाचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, "अजून एकदा वाच." दोनदा वाचला. मी शेजारी साखर वाटली. लोकांना वाटलं एसीची.

आता लढाईची हकीकत ऐक. जाळी धुतली. बादलीभर लाल पाणी निघालं, त्यात भोपळ्याचा वेल जगला असता. मागे जाऊन बघायचं होतं, पण माझे गुडघे त्या चार पायऱ्या उतरू देत नाहीत, म्हणून बाबांना पाठवलं. म्हटलं, बाहेरच्या डब्याला काही अडलंय का बघा. जाऊन आले, म्हणाले, "काय नाय अडला. बरा हाय, सावलीत हाय." म्हणजे तो प्रश्न मिटला.

काल तुषारराव आले. मी तयारीतच होते. मांडीवर जुनी पाटी घेऊन बसले. तो म्हणाला, "बाई, मी तुमच्या मुलासारखा आहे." मी पाटीवर एक रेघ मारली. तो बाबांकडे वळला, जिवापेक्षा पैसा मोठा आहे का म्हणाला, मी दुसरी रेघ मारली. मग त्र्यंबकच्या कुठल्याशा बाईचं यंत्र जळालं. तिसरी. आता तो चुळबुळायला लागला. "काय लिहिताय बाई?" म्हटलं, हजेरी घेते. चालू द्या. बिचाऱ्याने चौथं वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पाचव्यासाठी फोन कानाला लावला तोच मी म्हटलं, साहेबांना माझाही नमस्कार सांगा, भांडणाच्या आधी. रविना, इतकं हसू मला शाळा सोडल्यापासून आलं नव्हतं. तेलाचा डाग दाखव म्हटलं, तर डाग आतल्या अंगाला आहे म्हणाला. काटा दाखव म्हटलं, तर गेज गाडीत राहिला. आणि पाचही वाक्यं तू लिहिलेल्या क्रमाने आली. तू एसी सोडून पंचांग बघायला बस, जास्त चालेल.

जेवायची वेळ झाली होती. भांडण आपल्या जागी, पण दुपारी आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? नागलीची भाकर आणि वालाची भाजी वाढली. त्याने खाली मान घालून सगळं खाल्लं, ताट धुऊन ठेवलं, आणि मग म्हणाला, "ज्या घरची भाकर खाल्ली त्या घरी खोटं बोलत नाही, बाई."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सत्तावीस वर्षं पंगतीत पहिला घास घेण्याआधी हे वाक्य मी तुमच्याकडून म्हणवून घेतलं. मला वाटलं हा आमच्याच आश्रमशाळेचा. विचारलं तर म्हणाला, नाही, मी कोणाकडून तरी शिकलो. चांगलं वाक्य कसं गावोगाव उगवतं बघ. पुढचं भेटीत बोलू.

बाबांचा तुला आशीर्वाद. एसी अजून दहाच मिनिटं गार करतो, पण करेल.

मंजुषाबाई

*

नाशिक
२४ एप्रिल २०२५

बाई,

दोनच गोष्टी विचारते. लगेच कळवा.

त्याच्या शर्टाचा रंग कोणता होता आणि खिशावर काय काढलेलं होतं?

आणि ते भाकरीचं वाक्य म्हणाल्यावर तुम्ही सही केलीत का?

रविना

*

जव्हार
२९ एप्रिल २०२५

रविना,

केली. सही केली.

मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण लाज वाटली. पाच रेघा मारून मी जिंकले होते आणि सहाव्या वाक्याला त्याने जे मागितलं ते दिलं. पाच वर्षांचा करार, कोटिंग, गॅस. धर्मेंद्रने घर रंगवायला ठेवलेले पैसे होते. मी बाजारात दोन रुपयांसाठी भांडणारी बाई, पण ते वाक्य ऐकल्यावर कागद न वाचता सही केली. ते माझं वाक्य होतं, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

सही झाली, त्याने काहीतरी खुडबुड केली, गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं गार, मग वारा. शनिवारी बाबांना खोलीत धाप लागली. मग मी गुडघ्यांचं ऐकलं नाही. भिंतीला धरून, बसत उठत, चार पायऱ्या उतरून मागे गेले.

बाहेरच्या डब्यावर बाबांचं इरलं होतं.

भाताच्या आवणीच्या वेळी पावसात पाठीवर घेतात तेच, बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं. बाबांनी नवीन विणलं होतं, त्या डब्याच्या मापाचं. तोंडापासून पायापर्यंत झाकलेला, वर सुतळीने बांधलेला. म्हणाले, "तो आपल्यासाठी उन्हात जळं. मना गार करं नि स्वतः तापं. मी म्हटला, त्याला पण सावली द्यावी." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इरलं काढलं आणि अर्ध्या तासात बाबांनी गोधडी मागितली.

मी हसले, मग विचारलं, बाबा, तुषार मागे आला होता तेव्हा हे होतं का? "होता तर. दोन्ही वेळा. त्याने सोडला, बघितला, म्हणाला बाबा हात चांगला हाय तुमचा. नि पुन्हा होता तसा बांधून दिला."

पुन्हा बांधून दिलं, रविना. हे मला गिळवत नाही. चुकणं वेगळं. हा समोर बघून, गाठ सोडून, पुन्हा मारून आत आला आणि माझी भाकर खाल्ली.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मोतीबिंदूला निळं-हिरवं सारखंच, म्हणून बाबांना विचारलं. ते कपाटाकडे बोट करून म्हणाले, "त्या पोरीसारखाच सदरा. तेच पांढरं फूल खिशावर."

आता तू लिही. थांबून लिही, पण लिही.

मंजुषाबाई

*

नाशिक
४ मे २०२५

बाई,

चार वेळा सुरुवात केली आणि फाडली. आता जे येईल ते लिहिते.

तुषार आमच्याच कंपनीत आहे. जव्हार-मोखाड्याची कामं त्याच्याकडे असतात. ती पाच वाक्यं आमच्या ऑफिसात फळ्यावर लिहिलेली आहेत, रोज सकाळी आम्ही ती मोठ्याने म्हणतो, शाळेत प्रतिज्ञा म्हणायचो तशी. म्हणून मला क्रम पाठ होता. तुम्हाला पाच वाक्यं लिहून दिली आणि सहावं लिहिलं नाही, कारण सहावं माझं आहे.

डिसेंबरमध्ये इंदिरानगरला एका आजींकडे गेले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मला घेरी आली. त्यांनी हात धरून बसवलं, बाजरीची भाकर आणि ठेचा दिला. खाऊन झाल्यावर माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. ज्या घरची भाकर खाल्ली त्या घरी खोटं बोलत नाही. त्यांची नळी खरंच फुटली होती, मी खरंच तेच सांगितलं. आजींनी न मागता पाच वर्षांचा करार केला. साहेबांनी विचारलं, एवढा मोठा करार कसा आणलास? मी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे खडू घेऊन फळ्यावर सहावं वाक्य लिहिलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बाई, मला आनंद झाला. तुमचं वाक्य नाशिकच्या फळ्यावर आलं म्हणून आनंद झाला. मी मूर्ख.

मग मी ते मुद्दाम म्हणायला लागले. दारात गेल्यावर सांगायचं, सकाळी लवकर निघालेय, तुकडा असेल तर द्या. लोक देतात. खायचं. मग म्हणायचं. आणि मग जाळीत फक्त धूळ असली तरी गॅस गेलाय सांगायचं. फळ्यावर माझं नाव पाच वेळा वर आलं ते असं. तुमच्या घरी मी आले नाही, पण तुमच्या घरी जे बोललं गेलं ते मीच बोलले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, पहिलं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या मनात ते पडलं होतं, तरी मी हुशारी दाखवत बसले.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, जव्हारच्या कामाचा तपासणी अहवाल मी लिहिणार. ते म्हणाले लिही, तुझ्याच भागातलं आहे. मी लिहिलं, "बाहेरच्या यंत्रावर इरलं बांधलेलं होतं. कारागिराने ते पाहून पुन्हा बांधलं. गॅस पूर्ण आहे. करार रद्द करावा." खाली माझं नाव, माझा नंबर, सही. साहेबांनी दोनदा वाचलं. कंपनीच्याच माणसाने लिहून दिलं म्हटल्यावर त्यांना काही करता येईना. तुमचे पैसे परत येतील.

मला वाटलं, मला आता काढतील. पण साहेब हसले. म्हणाले, एक अहवाल गेला तर गेला, तू माझी सोन्याची कोंबडी आहेस, एक तारखेचं पत्र तयार आहे, फक्त तोंड बंद ठेव. आईला हे सांगितलेलं नाही. ती पाड्यात सगळ्यांना सांगत फिरतेय की यंदा आम्ही भट्टीला जात नाही.

तुम्ही मला शिव्या द्या. मी वाचेन.

रविना

*

जव्हार
१३ मे २०२५

रविना,

पैसे परत आले. शिव्या द्यायला बसले होते, म्हणून आठ दिवस लागले. आल्या नाहीत. राग मात्र आला आणि अजून आहे. तुझा आला, आणि माझाही, कारण मुलींना वाक्य पाठ करून घेताना ते बाजारात चालेल का हे मी कधी तपासलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते इरल्याची सुतळी सोडता सोडता म्हणाले, "पोर भुकेली होती तवा खरा बोलली. मग पोट भरला." एवढंच.

आता ऐक, आणि हे मी बाई म्हणून सांगते. तुझ्या नोंदवहीत घरांचे पत्ते असतील. ज्या ज्या घरी भाकर खाऊन तू खोटं बोललीस त्या प्रत्येक घराला एक पत्र लिही. काय सांगितलंस आणि खरं काय होतं, दोनच ओळी. छापील नको, हाताने.

याने तुझी नोकरी जाईल. मला माहीत आहे, दारात उभं राहून म्हणायचं ते वाक्यही जाईल. ठकीला मी काय तोंड दाखवू, हाही विचार केला. म्हणून आज्ञा करत नाही. एक तारखेचं पत्र घेतलंस तरी या घराचं दार तुला उघडंच आहे. पण जेवायला बसशील तेव्हा पहिल्या घासाआधी काय म्हणशील, ते तुझं तू ठरव.

मंजुषाबाई

*

जव्हार
२ नोव्हेंबर २०२५, रविवार

बाई,

पालघरला तुमच्या लेकीकडे, प्रमिलाताईंकडे, डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं हे ऐकून बाबांनी आणि मी शिरा खाल्ला. तुम्ही आता पंधरा दिवसांत याल, पण मला तोवर दम निघत नाही, आणि फोनवर सांगायचं नाही हा तुमचाच नियम. शिवाय हे पत्र तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार आहात, म्हणून अक्षर बघा कसं काढलंय.

पावसाळाभर तुम्ही बघतच होतात, तेवीस पत्रांचं काय झालं. सतरा जणांनी काहीच कळवलं नाही. एकाने फोनवर माझ्या सात पिढ्या काढल्या. चौघांनी कंपनीत जाऊन पैसे मागितले, म्हणून एकतीस मेला, एकच दिवस आधी, मला शर्ट जमा करायला लावला, आणि मी तुमच्या घरी राहायला आले. इंदिरानगरच्या आजींना पत्र लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर नाशिकच्या पत्त्यावर आलं होतं, ते दिपिकाने परवा इथे पाठवलं. त्यांनी विचारलंय की तू आता कुठे असतेस, माझ्या एसीला तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही. मी ते पत्र दहा वेळा वाचलं. तुम्ही आल्यावर एक दिवस नाशिकला जाऊन यायचं ठरवलंय.

इकडे कामं येतायत. दोन लॉज, बँकेचे तीन एसी, दूधवाल्याचा फ्रीज, मेडिकलचा फ्रीज. तुषारपण येऊन गेला, बाई. त्यालाही काढलं. ओट्यावर बसून राहिला, बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती. बाबांनी त्याला सुतळीचा गुंडा दिला नि म्हणाले, "धर एक टोक." त्यांनी चार काठ्या रोवून बाहेरच्या डब्यावर हातभर वर नवीन इरलं बांधलंय, चारी बाजूंनी वारा मोकळा. मी माप सांगितलं, तुषारने गाठी मारल्या. खरंच फरक पडतो बाई, डबा कमी तापतो. बँकेचे साहेब बघून गेले, त्यांनाही तसं हवंय. बाबांनी त्यांना सांगितलंय की वेळ लागेल, हाताला काम बरंच आहे.

आता गाडीचं सांगते. काल सकाळी आमच्या पाड्यावर आली. मी आरशासमोर म्हटलेलं वाक्य घेऊन दारात उभी होते, पण ते पुरं म्हणता आलं नाही. माझे वडील चढले. कामं येतायत, पण दोघांचं वर्ष निघेल एवढी अजून नाहीत, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं. गाडीवरून म्हणाले, "पुढल्या साली नाय जायाचा, मग तू मुकादमाला सांग." मला रडू आलं, आणि मी रडले, पाड्यासमोर.

मुकादमाने विचारलं, ठकी कुठे? आई ओट्यावर बसली होती, माझी शिडी पुढ्यात घेऊन. म्हणाली, "मना काम हाय. पोरीची शिडी कोण धरंल?"

बाई, ती खरंच धरते. आठ दिवस झाले, माझ्याबरोबर प्रत्येक घरी येते. आज शिरपामाळाकडच्या लॉजवर गेलो होतो. मालकीण भली, जेवणाची वेळ बघून तिने दारातच विचारलं, आधी दोन घास खाता का. मला सपाटून भूक लागली होती. मी काही बोलायच्या आत आई शिडीचे पाय रोवून म्हणाली,

"माझी पोर आधी खात नाय. आधी तुमच्या यंत्राला काय झाला ता सांगल. मग भाकर द्या, नायतर नका देऊ."

यंत्राला काहीच झालेलं नव्हतं, बाई. जाळीत धूळ होती. मी तेच सांगितलं. मग आम्ही दोघी पोटभर जेवलो.

तुमची
रविना